दोन्हीकडे उघडणारं दार

प्रिय भिंगरी,

घरात फोन असताना बाबांना पत्राची लहर कुठून आली, असं तुला वाटेल. लहरबिहर काही नाही. आपल्याकडचा फोन म्हणजे जाहीर सभा असते. तुझ्या आईला तो हातात धरवत नाही, म्हणून टेबलावर ठेवून स्पीकर लावायचा. मग तिकडून तू बोलणार, इकडून ती बोलणार, आणि मी मधल्यामध्ये 'हो ना' आणि 'तर काय' करत बसणार. तिच्या नकळत तुझ्याशी एक वाक्य बोलायची सोय राहिलेली नाही. हात थरथरतात, पाय चालता चालता जमिनीला चिकटल्यासारखे थबकतात, पण कान अजून वॉर्डातलेच आहेत. चार खाटांपलीकडे कोणी कण्हलं तरी तिला ऐकू यायचं. आत्ता ती खिडकीशी उन्हात बसली आहे आणि मी कॉम्प्युटरपुढे. मी सरावाला पुन्हा तिच्या बाथरूमचं दार काढतोय असं तिला वाटतंय, आणि मधूनमधून 'झालं का हो दार?' असं विचारतेय. मी 'होतंय' म्हणतोय. तेव्हा हे पत्र एका दमात वाच, आणि वाचून झाल्यावर लगेच फोन लावू नकोस. आधी पाणी पी.

कॉम्प्युटरवर वस्तू काढून त्या हलवून बघायची तुझी ही विद्या माझ्या डोक्यात शिरेल यावर माझाच विश्वास नव्हता. सगळी नोकरी कागदावर घरं काढण्यात गेली. आमच्या ऑफिसात दार म्हणजे एक सरळ रेघ आणि एक पाव वर्तुळ. ते काढलं की दार उघडतं असं सगळ्यांनी मानायचं, मग प्रत्यक्षात ते कपाटावर आपटो नाहीतर कोणाच्या नाकावर. तू पहिल्यांदा स्क्रीनवर बिजागरी काढून दाखवलीस, दोन पाती आणि मधली पिन, आणि माउसने दार धरून अलगद उघडलंस, तेव्हा मी वरवर 'बरं आहे' म्हणालो, पण मनातून थक्क झालो होतो. मग स्वतः करायला गेलो. चौकट काढली, दार काढलं, बिजागरी बसवली, तू सांगितलास तसा फिरता जॉइंट दिला, आणि दार धरून ओढलं तर दार जागच्या जागी आणि चौकट भिंतीसकट त्याच्याभोवती गरगरायला लागली. तू तिकडे कॅमेऱ्यापुढे पोट धरून हसत होतीस, आणि इकडून आई ओरडली, की या दिवसांत एवढं हसू नये, बाळाला उचकी लागते. कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते तिलाच ठाऊक. एवढी वर्षं नर्स होती, पण तुझ्या बाबतीत तिचं वैद्यकशास्त्र हे असं आहे. 'बाबा, आधी चौकट ग्राउंड करायची,' तू म्हणालीस, 'काहीतरी एक घट्ट धरून ठेवल्याशिवाय दुसरं नीट फिरत नाही.' मी ते पाठ केलं, आणि पुढच्या वेळी मोठ्या आत्मविश्वासाने दारच ग्राउंड करून बसलो. पुन्हा घर फिरलं. आईने तेव्हा मला नवं नाव ठेवलं, 'घरफिरवे'. अजून त्याच नावाने हाक मारते.

पण हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते मी तुला अर्धंच सांगितलं होतं. आपल्या बाथरूमचं दार तेव्हा फक्त आत उघडायचं. बाहेरचा पॅसेज इतका चिंचोळा, की ते बाहेर उघडलं तर बेडरूमच्या दारावर आपटेल, म्हणून बांधणाऱ्याने ते तसं ठेवलेलं. मी तुला म्हटलं, आई कधी आत पडली आणि दाराला अडली तर काय करायचं, आपली खबरदारी म्हणून काहीतरी करू या. तू लगेच मापं मागवलीस. मी टेप घेऊन फिरलो, आई एका टोकाला बोट ठेवून बसली, तिचं बोट थरथरायचं म्हणून प्रत्येक माप दोनदा घेतलं. आणि तू दोन्हीकडे उघडणारी ती बिजागरी काढलीस. एरवी दार आत उघडेल, आणि वेळ आली तर बाहेरही. ते खरंच तसं उघडतं का हे बघायला तू त्या स्क्रीनवरच्या फरशीवर एक माणूस आडवा ठेवलास. करड्या रंगाचा, नाकडोळे नसलेला, बरोबर आईच्या उंचीचा. 'बाबा, घाबरू नका, नुसता पुतळा आहे,' असं म्हणालीसही. मी आधी जुनीच बिजागरी ठेवून दार आत ढकलून पाहिलं, आणि ते त्या पुतळ्याच्या खांद्यातून, छातीतून आरपार निघून भिंतीला जाऊन टेकलं. कुठेही अडलं नाही. तू समजावलंस, की या दोन वस्तू एकमेकींना अडतात हे प्रोग्रॅमला वेगळं सांगावं लागतं, आपणहून त्याला कळत नाही. मी तेव्हा चहा उतू जातोय म्हणून कॅमेऱ्यापुढून उठून गेलो. चहा ठेवलेलाच नव्हता.

कारण खरं दार कसं अडतं ते मी तोवर पाहिलं होतं. तुला मापं पाठवली त्याच्या आधीच आई आत पडली होती. 'जरा पाय घसरला' एवढंच तुझ्या कानावर घातलं. सकाळी आंघोळीला गेली आणि थोड्या वेळाने धप्प असा आवाज आला. आतून कडी. मी खांद्याने धडक मारली, कडीचे स्क्रू उचकटून आले, दार चारेक बोटं उघडलं आणि कशाला तरी टेकून थांबलं. ती तिची पाठ होती. जरा ढकललं की ती कण्हायची, सोडलं की गप्प. पिन काढून दारच उतरवावं म्हटलं, तर आत उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या आतच असतात. स्क्रीनवर मला त्या कुठूनही दिसतात, कुठूनही धरता येतात. इथे त्या फटीतून फक्त तिचे ओले केस दिसत होते. वरच्या मजल्यावरचा सुतार धावत आला. त्याने दारावर तळवा ठेवला, अंदाज घेतला आणि हात काढून घेतला. 'काका, ढकलता येणार नाही हो,' म्हणाला. दोन माणसं दाराबाहेर उभी आणि करण्यासारखं काहीही नाही. इतका असहाय मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. शेवटी फरशीवर बसलो, फटीशी तोंड नेलं आणि नुसता म्हणत राहिलो, 'सरक गं थोडी. थोडीशी सरक.' ती बोटाबोटाने सरकली. किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. तिला कोणी सोडवलं नाही, भिंगरी, तिची तीच सरकली. आणि दार उघडल्यावर माझ्याकडे बघून तिचं पहिलं वाक्य काय असेल? 'मोडलीत ना कडी?' सुताराला तिने मी टॉवेल आणेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभं केलं, आणि तोही बिचारा शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला.

कडीचं हे वेड तिला आजचं नाही. सगळा जन्म तिने दुसऱ्यांना आंघोळी घातल्या, पुसलं, कपडे बदलले, ज्यांना लाज वाटायची त्यांच्याशी मुद्दाम हवापाण्याच्या गप्पा मारल्या. घरी आली की तडक बाथरूममध्ये शिरायची, कडी खट् वाजायची, आणि तेवढा वेळ ती कोणाची सिस्टर नसायची, तुझी आई नसायची आणि माझी बायकोही नसायची. तू बाहेर बेडरूमच्या दाराला लटकून झोके घ्यायचीस. पाय वर, दोन्ही हात हँडलला, एकदा इकडे एकदा तिकडे. भिंगरी हे नाव तिथलंच. आतून आई ओरडायची, 'दार सोड गं बाई, पडलं तर तुझ्या बाबांना बिजागरी बसवता येत नाही!' पुढे वरची बिजागरी ढिली झाली, दार फरशीला घासायला लागलं, आणि तो ओरखडा अजून तसाच आहे. हल्ली मी त्याच पॅसेजमध्ये स्टुलावर बसलेला असतो, त्यामुळे तो रोज समोर असतो. अगदी नीट पाव वर्तुळ आहे. आमच्या साहेबांनीसुद्धा पास केलं असतं.

स्टुलावर का, ते सांगतो. तू करवून पाठवलेल्या बिजागऱ्या आल्या, दार जिला टेकून थांबायचं ती चौकटीची पट्टी तासून सुताराने त्या बसवल्या, आणि दार आता आतही उघडतं आणि बाहेरही. सुतार इतका खूश, की जिना उतरताना आत डोकावून एकदा ढकलून बघतो. पण मी औषधं आणायला गेलो असताना तुझ्या आईने त्याच्याचकडून नवी कडी बसवून घेतली. जाड, लांब, भक्कम स्क्रूंची. ती लागली की दार ना आत उघडत ना बाहेर, मग तुझी बिजागरी कितीका शहाणी असेना. मी समजावलं, चिडलो, रुसलोही. 'दार बाहेर उघडू द्या नाहीतर छताकडे, कडी राहणार,' असं म्हणाली. मी एकदा चोरून कडी काढली, तर तिने सरळ आंघोळच बंद केली. तिच्यासारखी स्वच्छतेचं वेड असलेली बाई, केस चिकट झाले तरी हूं की चूं नाही. शेवटी मीच हात टेकले आणि कडी परत लावली. आता ती आत, मी बाहेर स्टुलावर, आणि आम्ही सतत बोलत राहायचं असा करार आहे. जरा आवाज थांबला की मी दार वाजवतो, आणि आतून उत्तर येतं, 'आहे, आहे, मेले नाहीये!' तुझ्या बाळाचं नाव काय ठेवायचं यावर आमची सगळी भांडणं या दारातूनच झाली आहेत. मी सुचवलेली सगळी तिला म्हाताऱ्यांची वाटतात.

आता जे फोनवर सांगता येत नव्हतं ते. मागे तू विचारलं होतंस, बाबा, तुम्ही खुर्चीतून उठताना पोटाला हात का लावता. मी म्हटलं होतं, गॅस. गॅस नाही, हर्निया आहे. आईला पलंगावरून उठव, खुर्चीत बसव, पाय थबकले की मागून धरून ठेव, हे दिवसभर चालतं, आणि ती वाळून काटकुळी झाली असली तरी माणसाचं वजन ते वजनच. मी बरेच दिवस ताकास तूर लागू दिली नाही. मग एकदा वेदनेने डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा डॉक्टरकडे गेलो. ते म्हणाले, ऑपरेशन लांबवण्यात अर्थ नाही, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, आणि त्यानंतर काही महिने भरलेली पिशवीसुद्धा उचलायची नाही. मी विचारलं, बायको? ते हसले, त्यांना विनोद वाटला. तू शिकवलंस ना, काहीतरी एक ग्राउंड केलेलं लागतं. या घरात तो भाग आपण आहोत असं मी धरून चाललो होतो. आता मीच हलायला लागलोय.

तू ये असं मी म्हणणार नाही. तुला प्रवास बंद आहे, आणि यायचं ठरवलंसच तर तुझी आई तुला दारातून परत पाठवेल. खरं तर तुझ्या बाळंतपणाला तीच यायची होती, बाळाला तेल कसं लावायचं ते तुझ्या नवऱ्यालाच शिकवणार होती. तो विषय आता ती काढत नाही, मीही काढत नाही. घरी मदतीला एक बाई ठेवून पाहिली. चांगली होती. आईने तिला चादरीचे कोपरे नीट दुमडता येत नाहीत म्हणून घालवून दिलं. दुसरी आली, तिने 'आजी, चला आंघोळ घालते' म्हटलं, आणि आईने तिला चहा प्यायलाही थांबू दिलं नाही. सुताराची बायको अधूनमधून येते, पण तिचं स्वतःचं घर आहे. मी सगळीकडून विचार करून पाहिला. रस्ता सापडत नाही, भिंगरी. नुसता गरगरतोय.

म्हणून बसच्या शेवटच्या थांब्यावर एक शुश्रूषा केंद्र आहे, ते मी बघून आलो. माझं ऑपरेशन होऊन मी धड होईपर्यंत आईने तिथे राहायचं. धड होईन की नाही, आणि ती घरी परत येईल की नाही, हे मला कोणी सांगत नाही आणि मी विचारतही नाही. जागा वाईट नाही. खोलीत ऊन येतं. मी बाथरूमचं दार ढकललं तर ते आत गेलं, ओढलं तर बाहेर आलं. तुझीच बिजागरी, नसेल तर तिची सख्खी बहीण. मी ते दार कितीदा आत-बाहेर केलं कोण जाणे. तिथल्या मेट्रनबाई मागे येऊन म्हणाल्या, 'आजोबा, काही हरवलंय का?' मी विचारलं, कडी कुठे आहे. त्या म्हणाल्या, इथे कड्या नसतात. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. माझं दुखणं तिने आधीच ओळखलं होतं. मी पोटाला हात लावतो तो कुठे लावतो हे तिने केव्हाच पाहून ठेवलेलं. रडली नाही, भांडली नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली. तिने एकच विचारलं, 'तिथे आतून कडी आहे ना हो?' मी म्हटलं, आहे. ती जन्मभर वॉर्डात वावरलेली बाई. अशा ठिकाणी कड्या नसतात हे तिला माझ्याहून पक्कं माहीत आहे. तरी तिने मान डोलावली, आणि म्हणाली, 'मग जाईन.'

तेव्हापासून मला चैन नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मेट्रनबाईंकडे गेलो आणि अक्षरशः हात जोडले. बाई कठोर नाहीत. म्हणाल्या, वेळेला आम्हाला बाहेरून उघडता येईल अशी असेल तर लावा तुमची कडी. मी सगळी दुकानं पालथी घातली. तशा कड्या मिळतात, पण झाडून सगळ्या पिळायच्या आहेत, आणि तिच्या बोटांना पिळणं जमत नाही, फक्त सरकवणं जमतं. म्हणून गेले कित्येक दिवस मी इथे बसून जे काढतोय ते दार नाही, कडी आहे. फाइल सोबत जोडली आहे. सुताराच्या ओळखीचा एकजण तुझ्या मापाबरहुकूम पितळेत करून द्यायला तयार आहे. प्लॅस्टिकची नको, खट् असा आवाज यायला हवा. तो आवाज आला की तिचे खांदे खाली येतात, ते मी दाराबाहेरूनही ओळखतो. पुढच्या आठवड्यात तिला तिथे पोचवायचं आहे. या वेळी मी चौकट आधी ग्राउंड केली आहे. दांड्याला सरकता जॉइंट दिला, दोन्ही टोकांना मर्यादा घातल्या, तो बरोबर भोकात जाऊन बसतो. पण बाहेरच्या बाजूने तो मागे आणायला दुसरा जॉइंट दिला, की प्रोग्रॅम लाल अक्षरांत नाही म्हणतो, आणि मी कितीही वेळा केलं तरी नाहीच म्हणतो. तेवढं तू कर. आतून ती लागते, भिंगरी. बाहेरून मला उघडता येत नाही.

तुझाच,
घरफिरवा बाबा